पाटी क्रमांक नऊ

२३ मार्च, रविवार

आजपासून पुन्हा लिहितोय. जानेवारीत साखरेने डावा पाय खाल्ला आणि डॉक्टरांनी तो गुडघ्याखालून काढला, तेव्हापासून वही बंद होती. विक्रीकर खात्यात चौतीस वर्षं काढली, पण रोजनिशी एक दिवस चुकवली नव्हती. आता अडीच महिन्यांची पानं कोरी आहेत. खात्याच्या भाषेत सांगायचं तर एक मंजूर पद कायमचं रद्द झालं आणि उरलेल्या कर्मचाऱ्यावर ताण वाढला.

सकाळी सातला विहारातून वंदनेचा आवाज आला. विहार आमच्या घरापासून दीडशे पावलांवर, म्हणजे पूर्वीच्या पावलांवर. बावीस वर्षं मी तिथला चिटणीस होतो आणि वंदना मीच घ्यायचो. आता सुखदेव चिटणीस आहे. तो चुकीच्या जागी श्वास घेतो. मी कानात कापूस घातला.

प्रेमला म्हणाली, "अहो, कापूस कशाला? दार लावून घेते."

"दार लावलंस तर ऐकू कसं येणार?" मी म्हणालो. बायकोला कधीकधी साध्या गोष्टी कळत नाहीत.

बुद्धपौर्णिमा १२ मेला आहे. त्या दिवशी सगळ्या येरवड्यातून माणसं येतात आणि माइक माझ्या हातात असतो. यंदा तो नसला तर बाबुराव ओव्हाळ हा विषय फाइलबंद झाला असं समजावं. हे कोणाला सांगितलेलं नाही.

२६ मार्च, बुधवार

मुलगा समाधान वारज्याहून चाकाची खुर्ची घेऊन आला. "बाबा, फुल्ली फोल्डेबल आहे, फक्त बारा केजी. आता तुम्ही टोटली इंडिपेंडंट." मी म्हणालो, मी इंडिपेंडंटच आहे, फक्त संडासापर्यंत कोणीतरी लागतं. तो हसला नाही. आयटीतली मुलं विनोदालाही मीटिंग लावतात.

प्रेमला म्हणाली, "रविवारी विहारात जाऊ. तेवढाच मनाला आधार."

मी तिला सुनावलं. धम्म हा विचार आहे, आधारबिधार दुबळ्यांना लागतो. "धम्म ही लंगड्यांची कुबडी नव्हे!" हे वाक्य मी बावीस वर्षं प्रत्येक भाषणात म्हटलं आणि दर वेळी टाळ्या घेतल्या. प्रेमलाने कोपऱ्यातल्या माझ्या दोन कुबड्यांकडे एकदा पाहिलं आणि ती भाजी चिरायला गेली.

३० मार्च, रविवार

गेलो. तत्त्व म्हणून नाही, सुखदेवचे उच्चार सुधारायला.

विहाराला दोन पायऱ्या आहेत. दोघांनी खुर्चीसकट वर चढवलं. दारात सुखदेव हात जोडून उभा. "जय भीम, ओव्हाळसाहेब. बरं वाटलं बघून." मग त्याची नजर भिंतीकडे गेली आणि तो अवघडला. "साहेब, पाटी."

विहारात एकूण चौदा पाट्या आहेत, चौदाही माझ्या. "मोबाईल बंद ठेवा. तुमच्यावाचून जगाचे अडत नाही." "पंखा ज्याने लावला त्यानेच बंद करावा. पुढच्या जन्मावर सोपवू नये, आपण तो मानत नाही." "खीर एकदाच मिळेल. दुसऱ्यांदा आलेले ओळखले जातात." लोक लांबून वाचायला येतात. पाटी क्रमांक नऊ अशी: "चाक असलेली कोणतीही वस्तू सभागृहात आणू नये. सायकल, बाबागाडी, ट्रॉली, इतर. – चिटणीस."

'इतर' मीच घातलेलं आहे. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस 'इतर' घातल्याशिवाय यादी पुरी करत नाही. आज त्या 'इतर'मध्ये मी बसलेला होतो.

"अरे, पण मी माणूस आहे," मी म्हणालो.

"साहेब, तुम्हीच मला शिकवलंत. माणूस बघून वाकला तर तो नियम नाही, नवस." सुखदेवचा चेहरा खरंच पडलेला होता. "चार जण उचलून आत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवतो ना तुम्हाला."

"चार जणांनी मला उचलायचं ते एकदाच, आणि तेव्हा मला ते कळणार नाही," मी म्हणालो आणि खुर्ची खाली उतरवायला लावली. नियम म्हणजे नियम. शिष्य चांगला तयार झालाय याचा अभिमान वाटायला हवा होता, तो काही वाटला नाही.

बाहेर खिडकीखाली पिंपळ आहे, तिथे बसलो. तिथे एक बाई मोठ्या मुलीला चाकाच्या खुर्चीत घेऊन बसलेली. हिला मी कित्येक वर्षं दर रविवारी तिथेच बघतोय. आत उकडतं म्हणून बाहेर गारव्याला बसत असावी. मुलगी चौदाएक वर्षांची, मान एका बाजूला, हात आखडलेले. वंदना संपून आतले "साधु, साधु, साधु" म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात मुलगी मोठ्याने ओरडली, "दू!"

पाटी क्रमांक अकरा मी या आवाजासाठीच लावली होती: "बाहेरच्यांनी वंदनेच्या वेळी आवाज करू नये." मी बाईंना त्या पाटीकडे बोट करून दाखवलं.

"पाठ आहे, काका," त्या म्हणाल्या.

३ एप्रिल, गुरुवार

कमिटीला रीतसर अर्ज दिला: चाकाच्या खुर्चीला पाटी नऊमधून वगळावे. सुखदेवचं उत्तर दोन तासांत आलं. विषय जूनच्या बैठकीत घेऊ. मी निरोप पाठवला की विषय तातडीचा आहे. त्याने उलट निरोप पाठवला: "साहेब म्हणायचे, तातडीचा विषय असा काही नसतो, उशिरा आठवलेला विषय असतो."

इतकी चांगली वाक्यं मी का बोलत होतो कोण जाणे.

६ एप्रिल, रविवार

पुन्हा पिंपळाखाली. बाईंचं नाव सोनाली, एका शाळेच्या ऑफिसात काम करतात. मुलगी पूर्वा. जन्माच्या वेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. "सगळं कळतं तिला, फक्त बाहेर यायला वेळ लागतो," सोनाली म्हणाल्या. आमच्या खात्याचंही तसंच होतं.

मी हळू आवाजात वंदना म्हणत होतो, सवयीने. पूर्वा माझ्याकडे टक लावून बघत होती. शेवटी तिने आखडलेला हात पुढे केला आणि थेट माझ्या कापलेल्या पायाच्या टोकावर ठेवून हसली. घरात अडीच महिने सगळे तिकडे न बघता बोलतात. समाधान तर माझ्या कपाळाशीच बोलतो. हिने हात ठेवला आणि काढलाच नाही. मी वंदना पूर्ण केली, शेवटी ती "दू" म्हणाली. सुखदेवच्या आधी आमची झाली.

घरी आल्यावर प्रेमलाने विचारलं, बरं वाटलं का? मी म्हटलं, हवा बरी होती.

९ एप्रिल, बुधवार

युक्ती सुचली. हरकत चाकाला नाही, चाकाला लागलेल्या रस्त्याला आहे. चाकांना अभ्रे घातले तर? कोपऱ्यावरच्या अमीनभाई टेलरांना बोलावलं. तीस वर्षं माझ्या पँटी त्यांनी शिवल्या. त्यांनी टेप लावून चाकांचं माप घेतलं आणि सवयीने विचारलं, "घेर किती ठेवू?"

सगळी हकिकत ऐकून म्हणाले, "आमच्या मशिदीत एक चाचा असेच येतात खुर्चीतून. दारात ओल्या फडक्यानं चाकं पुसतो, आत घेतो. त्याला पाटी कशाला लागते, साहेब?"

इतक्या सोप्या उपायाचा मला रागच आला. मी म्हणालो, तुम्ही अभ्रेच शिवा.

११ एप्रिल, शुक्रवार

अभ्रे आले, पडद्याच्या उरलेल्या कापडाचे. निळ्यावर मोठी पिवळी फुलं, कडेला इलॅस्टिक. प्रेमला पदर तोंडाला लावून आत गेली ती पाच मिनिटं बाहेर आली नाही.

गल्लीत चाचणी घेतली. गल्लीला उतार आहे हे माहीत होतं, पण खुर्चीचा ब्रेक रबरावर लागतो, पडद्याच्या कापडावर लागत नाही, हे त्या क्षणी कळलं. मी फुलाफुलांच्या चाकांवरून चौकाच्या दिशेने निघालो. दोन्ही बाजूंचे लोक "जय भीम, साहेब" म्हणत होते आणि मीही हात करत होतो, कारण थांबता येत नाहीये हे सांगायला वेळ नव्हता. वाण्याच्या बटाट्याच्या पोत्यांनी मला अडवलं. इजा नाही. वाणी म्हणाला, "ओव्हाळसाहेब, घरपोच देतो हो आम्ही."

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. विहारात पाय ठेवायला जागा नाही. मी आणि पूर्वा पिंपळाखाली. येणारा प्रत्येक जण आमच्याकडे बघून चेहरा मऊ करत होता. एका बाईने पूर्वाच्या हातात केळं दिलं आणि मग माझ्याही. बावीस वर्षं पुणे शहरात मी भाषणं दिली, मला पाटबंधारे खात्याचे इंजिनिअर उठून नमस्कार करायचे, आणि आज मला केळं! सोनाली म्हणाल्या, "खाऊन टाका, काका. नाही घेतलं तर त्या आणखी एक देतात."

खाल्लं. गोड होतं, त्याचाच जास्त राग आला. साखरेचं सोनालींना सांगितलं नाही.

मी म्हणालो, बाहेर बसणं म्हणजे अपमान आहे. त्या म्हणाल्या, "भगवान बुद्ध तरी कुठे आत बसले होते? झाडाखालीच बसले. आत त्यांना नंतर कमिटीनं बसवलं." बाईंना तत्त्वज्ञान येतं. मग इतकी वर्षं बाहेर का बसतात, हे विचारायचं राहून गेलं.

२० एप्रिल, रविवार

आज विचारलं. साधंच विचारलं, "आत फार उकडतं का हो तुम्हाला?"

सोनाली माझ्याकडे वळल्या. "काका, चेष्टा करताय?"

"नाही."

"पूर्वा पाच वर्षांची होती. बसता येत नव्हतं म्हणून बाबागाडीतून आत आणली. पावसाचे दिवस होते. पुढच्या रविवारी आले तर तुमची पाटी. पहिल्यांदा वाटलं, इथनं आता कायमचं जावं. पण हिला वंदना ऐकली की झोप लागायची. एरवी औषधानंही लागत नव्हती. मग म्हटलं, पाटी आतली आहे, बाहेर तर नाही ना. नऊ वर्षं झाली." त्यांनी पूर्वाच्या तोंडाची लाळ पुसली. "मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे."

घरी येऊन जुन्या रोजनिशींचा गठ्ठा काढायला लावला. सापडलं. जसंच्या तसं उतरवतो.

"१७ जुलै २०१६, रविवार. आज एका बाईने पाच वर्षांचे धडधाकट मूल बाबागाडीतून थेट प्रतिमेपर्यंत आणले. नव्या फरशीवर चिखलाच्या दोन रेघा. आजकालच्या आयांचे लाड! पाटी करणे."

"२४ जुलै. पाटी लावली. परिणाम उत्तम. फरशी स्वच्छ."

अक्षर फार सुंदर आहे.

जेवलो नाही. प्रेमलाला दाखवलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "मला माहीत होतं. तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला, मूल अधू दिसतंय म्हणून. तुम्ही म्हणालात, मला फरशीबद्दल बोल." मला आठवत नाही. ती म्हणते म्हणजे तसंच असणार.

२६ एप्रिल, शनिवार

कमिटीचं पत्र आलं. सुखदेवने घरोघर फिरून सगळ्यांच्या सह्या घेतल्या म्हणे. "माजी चिटणीस श्री. ओव्हाळ यांची प्रदीर्घ सेवा लक्षात घेता, त्यांना विशेष बाब म्हणून चाकांना आच्छादन घालून सभागृहात प्रवेश देण्यात येत आहे. पौर्णिमेची वंदना त्यांनीच घ्यावी, ही विनंती. ही बाब पूर्वोदाहरण समजू नये."

शेवटचं वाक्यही माझंच आहे. प्रत्येक पत्राखाली मी ते घालायचो.

पत्र चारदा वाचलं. मला जायचंय. खरं लिहायचं तर फार जायचंय. माइक, दोनशे माणसं, माझा आवाज. पूर्वाचं जूनच्या बैठकीत बघू. ती नऊ वर्षं थांबलीच आहे, असं मनात आलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

२७ एप्रिल, रविवार

गेलो नाही. पोट बिघडलं असं सांगितलं. पोट उत्तम आहे.

४ मे, रविवार

गेलो. सोनालींना पत्र दाखवलं. वाटलं, त्या काहीतरी टोचून बोलतील आणि हिशेब मिटेल. त्या म्हणाल्या, "अभिनंदन, काका. छानच झालं." अगदी मनापासून म्हणाल्या. पूर्वाने माझी बाही धरून ठेवली होती, ती सोडवून निघावं लागलं.

यापेक्षा टोचून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

सविस्तर लिहितो, विसरायचं नाही म्हणून.

पांढरा सदरा घातला. प्रेमलाने चाकांना फुलांचे अभ्रे चढवले. अमीनभाईंनी कापड कापायचं त्यांचं जुनं फळकूट आणून दोन पायऱ्यांवर टाकलं आणि ते शेजारी उभे राहिले. पिंपळाखाली सोनाली आणि पूर्वा, दोघी पांढऱ्या कपड्यांत. सोनाली म्हणाल्या, "काका, जोरात म्हणा. आज कूलर लावलाय म्हणून खिडकी बंद आहे, हिला ऐकू आलं पाहिजे." मी मान हलवली आणि आत गेलो.

सभागृह गच्च भरलेलं. माइकची उंची आधीच बसलेल्या माणसाएवढी करून ठेवलेली होती. मी सुखदेवकडे पाहिलं तर तो छताकडे बघत होता.

वंदना घेतली. आवाज लागला, चांगलाच लागला. लोक मागून म्हणत होते, भिंती भरून गेल्या. याचीच मी चार महिने वाट बघत होतो. शेवटचं वाक्य संपलं आणि मी थांबलो. सहा आठवड्यांची सवय. आता "दू" येईल, मग आपण म्हणायचं.

आलं नाही. कूलरची घरघर फक्त. लोक माझ्याकडे बघायला लागले. सुखदेव वाकून कुजबुजला, "साहेब, साधु म्हणा."

"म्हणणारी बाहेर आहे," मी म्हणालो. ते माइकवर गेलं. मग ठरवलं, गेलंच आहे तर सगळंच जाऊ दे.

मी सांगितलं की पाटी क्रमांक नऊ मी लावली. पाच वर्षांच्या अधू मुलीला लाडावलेली समजून, चौकशी न करता लावली. त्यामुळे ती आणि तिची आई नऊ वर्षं पावसात, उन्हात बाहेरून वंदना ऐकत आल्या. चूक झाली. हा शब्द मी या माइकवर याआधी कधी उच्चारला नव्हता, तो अर्धाच उमटला, दुसऱ्यांदा म्हणावा लागला. मग म्हणालो, "आणि ते कुबडीचं वाक्य मी मागे घेतो. ते म्हणायचो तेव्हा मी कुबडी वापरून पाहिली नव्हती. चांगली वस्तू आहे. तिच्याशिवाय मी या दोन महिन्यांत उठलो नसतो."

टाळ्या नाहीत. कोणीतरी खोकलं.

सुखदेव म्हणाला, "साहेब, पाटी काढायला ठराव लागतो." मी त्याच्यावर ओरडणार होतो. पण तो खाली बसला, माझ्या उजव्या चाकाचा अभ्रा ओढून काढला, दाराशी गेला आणि बरणीच्या तोंडाला फडकं बांधतात तसा तो पाटीवर चढवला. इलॅस्टिक नीट बसलंय का बघितलं. "झाकायला लागत नाही. मी सगळे नियम वाचलेत."

मग हसायला लागले सगळे. मीसुद्धा.

बाहेर निरोप गेला, पण सोनाली फळकुटापाशी येऊन थांबल्या. तिथूनच विचारलं, "काका, आजच्यापुरतं विशेष बाब, की कायम?"

"कायम."

"लेखी द्याल?"

"जूनच्या बैठकीत, ठरावासकट," सुखदेव म्हणाला. "आणि 'इतर' न घालता."

अमीनभाईंनी दारात बसून ओल्या फडक्याने पूर्वाची चाकं पुसली, चारही, मधल्या तारांसकट. खुर्ची आत आली. फरशीवर दोन ओल्या रेघा उमटत गेल्या. मी म्हणालो, पुढे या, इथे माझ्याशेजारी. पण सोनालींनी खुर्ची नेली ती सरळ खिडकीपाशी आणि तिथेच उभी केली. तीच खिडकी, फक्त आतली बाजू. नऊ वर्षांची सवय. मग मीच खुर्ची तिकडे वळवली. एका चाकाला अभ्रा, एकाला नाही, त्यामुळे ती तिरकी गेली आणि दोन आज्यांना पाय गोळा करावे लागले. माइकची वायर पुरली.

वंदना पुन्हा पहिल्यापासून घेतली. शेवटचं वाक्य संपायच्या आतच पूर्वा ओरडली, "दू!" आणि तिच्यामागून दोनशे माणसं साधु म्हणाली.

घरी येताना डोळे पुसत होतो. प्रेमलाने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, मेणबत्त्यांचा धूर गेला डोळ्यांत.

"कुठल्या मेणबत्त्या?" ती म्हणाली. "विहारात चार वर्षं विजेच्या मेणबत्त्या आहेत. धूर करू नये म्हणून तुम्हीच पाटी लावलीत ना?"